तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूतला किडा कोबीचा नव्हे

‘डॉक्टर, कोबी बंद केला तर बरं होईल ना?’ ठाणे पूर्वेला, कोपरीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमीचा. घरात कुणाला तरी पहिल्यांदाच फिट आलेली असते, एमआरआयच्या रिपोर्टवर ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस’, म्हणजे मेंदूत जंताच्या अळीची गाठ, असं छापलेलं असतं आणि सोसायटीतल्या कुणीतरी कोबीला फाशी सुनावलेली असते. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: ‘आम्ही अंडंसुद्धा खात नाही, मग डुकराचा जंत आमच्याकडे कसा?’

कोबीतली हिरवी अळी बिचारी पतंगाची. पोटात गेलीच तर पचून जाते. मेंदूत सापडते ती टीनिया सोलियम या टेपवर्मची, म्हणजे फितीसारख्या लांब जंताची, अळी. अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं की हा टेपवर्म माणसाच्या आतड्यात वाढतो, चांगला दोन-तीन मीटर. त्या माणसाला बहुधा पत्ताही नसतो. त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती न धुतलेल्या हातातून, पाण्यातून किंवा भाजीवरून कुणाच्याही पोटात गेली की त्यांतून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसते. मांस एकाने खायचं आणि फिट दुसऱ्याला, मग तो माळकरी का असेना!

न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत, जिथे डुकराचं मांस निषिद्ध, तिथेही हा आजार निघाला. 1992 साली त्यावर लेख छापून आला. त्यांच्या घरी काम करणाऱ्या, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायकांकडून तो आला असावा, असा निष्कर्ष होता. ही गोष्ट मी जरा जपूनच सांगतो. ऐकणारा लगेच आपल्या कामवालीकडे बघू लागतो. अहो, टेपवर्म हॉटेलातल्या आचाऱ्याच्या पोटात असेल, नाहीतर तुमच्याच घरातल्या कुणाच्या. म्हणून मी घरातल्या सगळ्यांची स्टूल टेस्ट सांगतो. तिथे मात्र चेहरे पडतात.

रिपोर्टबरोबरची फिल्म उजेडासमोर धरून बघा. जिवंत गाठ असेल तर पाण्याने भरलेली गोल पिशवी दिसते आणि तिच्यात एक ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. अशी गाठ वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहते. ती मरायला लागली की शरीराला तिचा सुगावा लागतो, भोवती सूज येते आणि फिट येते. आपल्याकडे बहुतेकांच्या स्कॅनमध्ये अशीच एकुलती एक मरणपंथाला लागलेली गाठ दिसते. भारतात राहून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांनाही कित्येक वर्षांनी फिट येत. अशा 450 रुग्णांची माहिती 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. क्षयाची गाठही स्कॅनवर पुष्कळदा तशीच दिसते, तेव्हा न्यूरोलॉजिस्ट आणखी तपासण्या सांगत असेल तर वैतागू नका.

‘मग केमिस्टकडून जंताची गोळी आणू?’ नका आणू. शाळेत मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची एक गोळी आतड्यातल्या जंतांसाठी. मेंदूतल्या गाठीसाठी औषध तेच असलं तरी कोर्स निराळा, आणि तोही सहसा स्टिरॉइडच्या आडोशाने, कारण अळ्या मेल्या की सूज वाढते. आधी डोळेही तपासून घ्यायचे. डोळ्यात गाठ असेल तर हेच औषध नजरेवर बेतू शकतं. एकच गाठ असली तर ती पुष्कळदा काही महिन्यांत विरूनही जाते.

खाण्याचं म्हणाल तर शिजवलेल्या भाजीची भीती नाही. उष्णतेने अंडी मरतात. धोका कच्च्याचा आहे. रेल्वेरुळांच्या कडेला सांडपाण्यावर पालेभाजी पिकते हे लोकलच्या खिडकीतून आपण सगळेच बघतो. कोबीवर बहिष्कार टाकणारी हीच मंडळी पोह्यांवर कोथिंबीर मात्र नुसती झटकून भुरभुरतात. ती वाहत्या पाण्याखाली काडी न् काडी धुवा, आणि त्याआधी हात, साबणाने.

तरुण पोरांचा प्रश्न वेगळाच असतो: घोडबंदर रोडवर बाईक कधीपासून चालवू? न्यूरोलॉजिस्ट हो म्हणेपर्यंत नाही. आणि फिट थांबली म्हणून फिटची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.