१:८ सिल्व्हर घोस्ट, नोंद सहावी : रेडिएटर पुन्हा पहिल्यापासून

रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या जुन्या मोटारगाडीचे मूळच्या एक-अष्टमांश आकाराचे मॉडेल मी बनवत आहे. मागच्या नोंदीत रेडिएटरचे, म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या भागाचे, कवच पूर्ण झाले असे मी लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी पत्र्याचे ते कवच गुण्या लावून तपासले तेव्हा कुठेही फट दिसत नव्हती, पण पॉलिश करून खिडकीपाशी धरताच त्याच्या बाजू आत दबल्यासारख्या दिसू लागल्या. संशय सोल्डरिंगच्या उष्णतेवर गेला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापुरता तो खराही ठरला. बाकीचा पत्रा मात्र पट्टीला तंतोतंत सरळ होता आणि तरीही नजरेला पोकळ भासत होता.

रोल्स-रॉइसच्या रेडिएटरची खरी मेख इथेच आहे. ग्रीक मंदिरांच्या खांबांना मध्यभागी जो पुसटसा फुगवटा देत, त्याच तत्त्वावर या कवचाचे सपाट वाटणारे पृष्ठभाग किंचित बाहेर फुगवलेले असतात, म्हणूनच ते डोळ्याला सपाट दिसतात. मी सागवानी ठोकळ्याचा नवा साचा केला, मध्यभागी ०.२ मिमी उंची ठेवली आणि पत्रा त्यावर लाकडी दांड्याने चोळून बसवला. प्रमाणाच्या हिशेबाने हा फुगवटा जास्त आहे हे मला मान्य आहे, पण आता प्रकाशाची रेघ कडेपासून कडेपर्यंत न मोडता सरकते.

रेडिएटरच्या टोपीवर ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’ ही रोल्स-रॉइसची ओळख असलेली मूर्ती का नाही, असे दोन वाचकांनी विचारले होते. चार्ल्स साइक्स यांची ती मूर्ती १९११ सालची, आणि माझे मॉडेल १९०८ च्या गाडीचे आहे. खरे तर ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नावही मुळात एकाच गाडीचे, चासी (गाडीचा सांगाडा) क्रमांक ६०५५१ चे. कंपनीच्या लेखी हे मॉडेल ४०/५० अश्वशक्ती एवढेच होते. १९०८ हे साल मी निवडले ते ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या गाडीमुळे. त्या वर्षीच्या मुंबई-कोल्हापूर चाचणीत तिने ६२० मैल आणि सहा घाट पार करून विजय मिळवला आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली.

इंजिनाचे काम सावकाश चालले आहे. मूळ इंजिन ७,०३६ सीसीचे, सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही साडेचार इंच, म्हणजे माझ्या प्रमाणात १४.३ मिमी. त्याआधीच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी इंजिनात लांब क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) पीळ बसून थरथरत असे आणि तुटतही असे. कंपनीचे अभियंते हेन्री रॉइस यांनी ४०/५० मध्ये तीन-तीन सिलिंडरांचे दोन ठोकळे घेतले, क्रँकशाफ्टचे दोन अर्धे एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब ठरतील असे जुळवले, शाफ्ट जाड केला आणि त्याला सात मुख्य बेअरिंगांचा आधार दिला. मॉडेलमध्ये यातले बाहेरून फक्त दोन ठोकळेच दिसणार आहेत, तरीही सातही बेअरिंगे मी कोरली आहेत.

प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक कॉइलचा व एक मॅग्नेटोचा (इंजिनाच्या फिरण्यातून ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र), म्हणजे एकूण बारा. नऊ तयार आहेत. दहावा चिमट्यातून उडाला तो अजून सापडलेला नाही. मागच्या ठोकळ्यासाठी सळई आणली आहे, ती रविवारी लेथवर चढेल.