नुसताच फिरणारा स्क्रू

अडकलेल्या स्क्रूच्या दोन जाती. एक हलतच नाही. दुसरा गोल गोल फिरतो, पण बाहेर यायचं नाव घेत नाही. पहिला निदान उघड वैर धरतो. दुसरा ‘निघतोच आहे, निघतोच आहे’ करत तुमचा अख्खा रविवार खातो.

कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, बसवायचा घाट भाच्याने आमच्या नौपाड्यातल्या घरी घातला, तेव्हा या दोन्ही जाती एकाच दुपारी भेटल्या. सगळा माल लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड या विषयांवर तो बोलायला लागला की आपण मान डोलवावी. पण जुना बोर्ड निघाल्याशिवाय नवा बसणार कुठे? आणि जुन्याला धरून बसले होते दोन स्क्रू, जे दुकानदार मागितले तर मूठभर फुकटसुद्धा देईल.

फिरणाऱ्याचं कारण बोर्डाखाली असतं. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून मध्ये पितळेचे छोटे षटकोनी खांब असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. वरून स्क्रू त्यात जातो आणि ते स्वतः पत्र्यात जातात. स्क्रू स्टँडऑफमध्ये घट्ट बसला आणि पत्र्यातले आटे गेले, की दोघं मिळून जागच्या जागी फेर धरतात. मग वरून कितीही फिरवा. बोर्ड आणि पत्रा यांच्यातल्या बोटभरही नसलेल्या फटीतून नोज प्लायर, म्हणजे लांब चोचीची पक्कड, सरकवून खांब धरायचा, तेव्हा कुठे स्क्रू वर येतो. कडेचा स्क्रू होता म्हणून हे जमलं.

खरा वैरी तो न हलणारा. त्याच्या डोक्यावरची फुली झिजून वाटी झालेली. फुलीचा स्क्रू ओरेगनच्या हेन्री फिलिप्सने 1930च्या दशकात बाजारात आणला आणि मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलून धरला, कारण स्क्रूड्रायव्हर आपोआप मधोमध बसतो. मात्र त्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक वर निसटतं आणि निसटताना थोडं लोखंड खरवडून नेतं. कॅबिनेटच्या स्क्रूला नंबर दोनची फुली लागते. भाच्याच्या हातात मोबाइल दुरुस्तीच्या सेटमधली बारकी होती.

शिवाय तो स्क्रूच त्या जागचा नव्हता. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 साली झाला, पण कॉम्प्युटरच्या डब्यात इंच अजून नांदतो. एका इंचात 32 आटे असलेला साडेतीन मिलिमीटरचा जाडा स्क्रू आणि अर्ध्या मिलिमीटरवर आटे असलेला तीन मिलिमीटरचा बारीक, असे दोन्ही एकाच पिशवीत येतात. बारीक जाड्याच्या भोकात घातला तर खुळखुळतो. उलटं केलं तर दोन-तीन आट्यांत आवळतो, आणि पुढे रेटला की पितळ कापत तिरका आत जातो. आधीच्या कुणीतरी तसा रेटला होता.

शेवटी शेजारच्या काकांना हाक मारली. काका वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. मदरबोर्ड त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. चष्मा वर करून त्यांनी एवढंच विचारलं, “यातलं महाग काय आणि स्वस्त काय?”

“बोर्ड महाग, काका. जुना असला तरी मित्राला विकायचाय.”

“मग स्क्रू मेला असं समज. त्याला जपू नकोस.”

भाचा तोवर त्या बिचाऱ्या स्क्रूलाच जपत होता. युट्यूबवर बघून त्याने मेथीच्या जुडीचं रबरबँड खाचेत ठेवून फिरवून पाहिलं होतं. अशाने कधी कधी निघतो, इथे रबर फाटलं. मग ड्रिल लावू का म्हणाला, तर काका ओरडलेच. लोखंडाचा कीस बोर्डावर पडला आणि चिपच्या दोन पायांच्या मध्ये अडकला, तर वीज सुरू करताच शॉर्ट. तेलाची बाटलीही त्यांनी बाजूला ठेवायला लावली.

काकांनी आपली पक्कड आणली. स्क्रूचं डोकं बोर्डाच्या वर असतं, त्याच्या कडा त्यांनी दातांत पकडल्या. पक्कड सटकली तर बोर्डाला ओरखडा नको म्हणून भोवती जाड पुठ्ठा. आणि फिरवलं ते उलटं नाही, आधी केसभर सुलट, आवळायच्या दिशेने. कट्ट असा आवाज झाला, भाच्याचा चेहरा पडला. “जाम असाच मोडतो,” काका म्हणाले, आणि मग सावकाश डावीकडे. स्क्रू निघाला तेव्हा त्याच्या आट्यांत पितळेचा पिवळा तार गुंडाळलेला होता.

नवा बोर्ड बसवताना काकांनी पहिले दोन आटे नुसत्या बोटांनी फिरवायला लावले, स्क्रूड्रायव्हर नंतर. टेकला की थांबायचं, पहिलवानकी नको. भाच्याने निमूट ऐकलं. रात्री त्याने बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर ऑनलाइन मागवला. काकांना अजून सांगितलेलं नाही.