कोमा, कोमास, कोमा

दुपारी दीडला सोलापुरात शहाण्या माणसानं पंख्याखाली आडवं व्हावं. मी मात्र मोबाइल घेऊन घोकत बसले होते, ‘कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान.’ आई आतून म्हणाली, “कोण गेलं गं कोमात?”

स्पॅनिशमध्ये ‘कोमेर’ म्हणजे जेवणं. ‘कोमो’, मी जेवते. ‘कोमेस’, तू जेवतोस. इथवर सरळ. पण तू जेवावंस अशी माझी इच्छा असली, की ‘कोमेस’ला रजा आणि ‘कोमास’ हजर. कृती सोपी आहे. ‘कोमो’तला शेवटचा ‘ओ’ खुडायचा आणि समोरच्या घरातला स्वर आणायचा. शेवटी ‘एर’ किंवा ‘ईर’ असलेल्या क्रियापदांना ‘आ’, ‘आर’वाल्यांना ‘ए’. म्हणून ‘आब्लार’, म्हणजे बोलणं, याचं होतं आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन. मला हे पाठ झालं ते अंथरुणावरच्या चादरीमुळे. आपली चादर उलटवली की नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल. लालावरचा पांढरा मोर पांढऱ्यावर लाल होऊन बसतो. इच्छा म्हणजे चादरीची दुसरी बाजू, एवढं ध्यानात ठेवलं.

‘बिबीर’ म्हणजे जगणं. त्याचं ‘बिबा’. तिकडे ‘बिबा!’ ओरडले की ‘चिरायू होवो’. आपल्याकडे चांगल्या कामात घालतात तो बिब्बा. असो.

मराठीत आपण हे न घोकताच करतो. पाऊस पडावा, देव भलं करो. ‘ओहाला’ हा तिकडचा ‘होवो रे बाबा’ मुळात अरबी. त्यात अल्लाच आहे. त्याच्या मागोमाग हेच रूप येतं. आमच्या गल्लीत दर दोन वाक्यांना ‘इन्शाअल्ला’ ऐकू येतं, त्यामुळे हा शब्द मला परका वाटलाच नाही.

पण खरी गंमत पुढे होती. ‘उस्तेद’, म्हणजे आपण, अशा मानाच्या माणसाला जेवायला सांगायचं तर आज्ञेचं वेगळं रूपच नाही. हेच ‘कोमा’ वापरायचं. मानाच्या माणसाला हुकूम नाही, इच्छाच सांगायची. मी हे वाचत होते, तेवढ्यात भावोजी आले. आईनं कडक भाकरी मोडून ताटात वाढली, शेंगा चटणीवर तेल सोडलं आणि म्हणाली, “घ्यावी की अजून एक.”

मग माझ्याकडे वळून, “ठेव तो फोन. जेव.”