२० वर्षांच्या लेबलसाठी देवपुरातली गच्ची: सरावाची नोंद ७

दोन प्लेअरवरच्या दोन रेकॉर्डी एकाच लयीत जुळवून वाजवायच्या, हा माझा सराव. मागच्या नोंदीत रडलो होतो की त्या चार-पाच आवर्तनांच्या वर सोबत चालतच नाहीत. तर मंडळी, शनिवारी रात्री चालल्या, अख्खं दीड मिनिट!

निमित्त अ‍ॅनालॉग आफ्रिकाचं. फ्रँकफर्टचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, सामी बेन रेदजेबनं २००६ ला सुरू केलं, म्हणजे यंदा २० वर्षं. काही वर्षं हा माणूस विमानात फ्लाइट अटेंडंट होता आणि आफ्रिकेत जाऊन जाऊन जुन्या रेकॉर्डी हुडकायचा, वादकांना गाठायचा, मुलाखती घ्यायचा, त्यामुळे रेकॉर्डसोबत जी जाड पुस्तिका येते ना ती मी गाण्याइतकीच वाचतो. पहिलं रिलीज झिंबाब्वेच्या ग्रीन अ‍ॅरोजचं होतं. म्हणलं आपण धुळ्यात बसून दुसरं काय करणार, देवपुरात घराच्या गच्चीवर एक रात्र फक्त याच लेबलची वाजवू.

आता सेटअप. उजवीकडे डायरेक्ट ड्राइव्ह प्लेअर (मोटर थेट तबकडीला जोडलेली), सेकंडहँड, पिच म्हणजे वेग प्लस-मायनस ८ टक्के बदलता येतो. डावीकडे बेल्टवालं, त्याला स्पीड पकडायलाच वेळ लागतो, म्हणून रेकॉर्ड सोडताना बोटानं हलका धक्का द्यावा लागतो, तो किती द्यायचा ह्यातच माझे तीन महिने गेले. स्लिपमॅटखाली (रेकॉर्डखालचं घसरतं कापड) बटर पेपर गोल कापून टाकला, त्यानं बराच फरक पडला, करून बघा.

गच्चीवर पहिल्याच गाण्याला बेस वाढवला तर घुंऽऽ सुरू झालं, स्पीकरची थरथर स्लॅबमधून सुईत आणि सुईतून परत स्पीकरमध्ये. स्पीकर स्लॅबवरून उचलून खुर्च्यांवर ठेवले, प्लेअरखाली शहाबादी फरशी आणि फरशीखाली अर्धे कापलेले टेनिस बॉल, मग थांबलं. आणि उन्हाचं सांगतोच, रेकॉर्डी आठ वाजेपर्यंत आतल्या खोलीत उभ्या ठेवल्या होत्या, मागच्या मे महिन्यात एक गाडीत अर्धा तास राहिली तर पापडासारखी वाकली, ती आठवली की अजून पोटात कालवतं.

पण खरी अडचण लयीची होती. बेनिनचा ऑर्केस्ट्र पॉली-रिदमो द कोतोनू, १९६८ चा बँड, माझा सगळ्यात आवडता. ही माणसं क्लिकवर, म्हणजे कानात ठरावीक टिकटिक लावून, वाजवत नाहीत, ढोलवाला रंगात आला की लय सरकते, आणि मी आपला काउंटरवरच्या बीपीएमच्या (मिनिटाला किती ठोके) आकड्याकडे बघत बसायचो. त्यांच्याकडे साक्पाता म्हणून ताल आहे, वोदून ह्या तिकडच्या धर्माच्या पूजेतला, त्याची सम कुठे पडते तेच मला सापडेना, दोन आठवडे तेच गाणं लावून बसलो. आजी समोर तांदूळ निवडत होती. बघतो तर तिचा हात ताटाच्या काठावर पडतोय, दर वेळी एकाच जागी, आणि गाणं थोडं पळालं तर हातही पळतोय! मी सुई उचलून परत लावली, परत तिथेच. तीच सम. लगेच रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलच्या काठाला छोटं स्टिकर चिकटवलं.

तिनं विचारलं, हे कोणाचं गाणं? म्हणलं साक्पाता म्हणजे तिकडचा मातीचा आणि देवीच्या रोगाचा देव. तर म्हणे, "मंग ती आपली शितळामायच शे ना," आणि मी प्लेअरजवळ चपला घालून उभा होतो ते बघून, "चपला काढी ठेव रे भाऊ." काढल्या. आता तिथे अनवाणीच उभा राहतो.

१९८७ ला लंडनच्या एका पबमध्ये छोटी लेबलवाली मंडळी बसली आणि 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव ठरवलं, कारण दुकानात ह्या रेकॉर्डी कुठल्या खणात ठेवायच्या हाच प्रश्न होता. दुकानाची सोय म्हणून ठीक, पण मला ते नाव कधी जवळचं वाटलं नाही. आजीनं जे नाव दिलं ते वाटलं.

तर शनिवारी काउंटरवर रुमाल टाकला, एका कानाला हेडफोन, एक कान गच्चीकडे, आणि स्टिकर समोर आल्यावर सोडलं. पळायला लागली की करंगळी प्लॅटरच्या (फिरत्या तबकडीच्या) काठाला टेकवायची, मागे पडली की लेबलपाशी ढकलायचं, दीड मिनिट फक्त तेवढंच. खाली शेवभाजीचं पातेलं निवत होतं, पोरं जिन्यातच नाचत होती.

झिंबाब्वेच्या गिटारीवरून पॉली-रिदमोवर मात्र अजून जाता येत नाही, दोनदा फसलं, शेवटी सरळ फेड करून, म्हणजे आवाज हळूहळू उतरवून, दुसरं लावलं. आतेभाऊ संबळ वाजवतो, तो म्हणाला पुढच्या वेळी मी मध्ये वाजवतो, तू तेवढ्यात रेकॉर्ड बदल. रविवारी येतोय.