एका सिंहामागे: फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन

फिलाडेल्फिया कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढून वर फोटो काढून घेणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत मी आत गेले, ती एडवर्ड हिक्सचे १८२६ सालचे ‘पीसेबल किंग्डम’ (शांततेचे राज्य) हे चित्र पाहायला. लांडगा कोकरासोबत राहील, चित्ता करडाजवळ बसेल आणि एक लहान मूल त्या साऱ्यांना वळील, हे बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायातले भाकीत हिक्सने साठाहून अधिक वेळा रंगवले. (मराठी बायबलमध्ये चित्ता असला, तरी चित्रातला प्राणी सरळसरळ बिबट्या आहे.)

हिक्स पेनसिल्व्हेनियातला, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचा उपदेशक. पोटापाण्यासाठी घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मूल आणि प्राणी यांची मांडणी त्याने रिचर्ड वेस्टॉल या इंग्रज चित्रकाराने बायबलसाठी काढलेल्या चित्राच्या छापील प्रतीवरून उचलली, आणि पार्श्वभूमीला पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याने लेनापी या तिथल्या मूळ रहिवाशांशी केलेला तह बेंजामिन वेस्टच्या चित्रावरून आणून बसवला. म्हणजे भाकीत बायबलचे आणि त्याची साक्ष हिक्सच्या आपल्याच डेलावेअर नदीकाठची. वाघ आणि शेळी एका पाणवठ्यावर पाणी पितात, असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे राजाचा धाक गृहीत असतो. इथल्या मुलाच्या हाती दंड नाही, ख्रिस्ताच्या रक्ताचे प्रतीक मानली जाणारी द्राक्षवेलीची डहाळी आहे. प्राणीही तसेच, पाटीवर रंगवावेत इतके निमूट.

दोन दिवसांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्याच विषयाचे साधारण १८३४ चे चित्र पाहिले आणि तिथेच खिळून राहिले. डावीकडे दूरवर पेनचा तह आहे, बैलही आहे. पण सिंहाचे डोळे वाटोळे, विस्फारलेले, रात्रभर झोप न लागलेल्या माणसासारखे. मधल्या काळात, १८२७ साली, फिलाडेल्फियाचे क्वेकर दुभंगले होते आणि त्यातल्या एका पक्षाचा म्होरक्या, एलायस हिक्स, हा या चित्रकाराचाच नातलग. शांततेचे व्रत घेतलेली माणसे एकमेकांना सभागृहांतून बाहेर काढू लागली, तेव्हा एडवर्डला जनावरे निमूट रंगवणे जमले नसावे, असे माझे मत आहे.

हे मत अगदीच हवेतले नाही. १८३७ साली व्हर्जिनियातल्या गूज क्रीक येथे दिलेल्या प्रवचनात त्याने या प्राण्यांना माणसाचे स्वभाव मानले होते: लांडगा खिन्न, बिबट्या सुखलोलुप, अस्वल थंड आणि सिंह तापट. त्यामुळे हा सिंह कोकराला खाईल की नाही, हा प्रश्नच उरत नाही. तो स्वतःलाच आवरून बसला आहे. धार्मिक चित्रांत शांतता म्हटली की आपली नजर कबुतर शोधते. मी मात्र इथे बराच वेळ पुढ्यात पसरलेल्या बिबट्याकडे पाहत होते. त्याचे अंग सैल सोडलेले दिसते, डोळे मात्र मुळीच सैल नाहीत.