माजघरातल्या रोपांसाठी दिवा घेताना

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. अंगणात हिरव्या जाळीखालीही मिरचीच्या रोपांची धडगत नसते, म्हणून यंदा ट्रे माजघरात आणले. मातीच्या जाड भिंती, गारवा मस्त, पण उजेड नाही. रोपं सुतळीसारखी लांबत चालली. मग एलईडी ग्रो लाइट, म्हणजे उन्हाऐवजी रोपं वाढवायचा दिवा, शोधणं आलं.

तालुक्याला मिळाला तो जांभळ्या उजेडाचा, खोक्यावर '१००० वॅट'. घरातलं सगळं बंद करून तेवढाच लावला. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं छापलंय, म्हणजे मीटरचा लाल ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. हजार वॅट खरे असते तर लाल ठिपका सेकंदा-सव्वा सेकंदाला लुकलुकला असता. तो लुकलुकायचा अर्ध्या मिनिटाला एकदा, म्हणजे साधारण ४० वॅट. दोन ट्रेंना तेवढे चालतात, त्याचं काही नाही. पण वायरमन भाऊंनी दिव्याच्या ॲल्युमिनियमच्या पाठीला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला! "बापा, पत्र्यातच करंट हाये. पानी टाकता टाकता चिपकसान." प्लगला पिना दोनच, अर्थिंगला जागाच नाही. दुकानदारानं कुरकुरत परत घेतला.

दुसरा घेताना आधी ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला लागेल तशी वीज करून देणारा भाग, पाहिला. वेगळ्या डबीतला, आयसोलेटेड (दिव्याकडची वीज घरच्या लाइनपासून वेगळी ठेवणारा), १०० ते ३०० व्होल्ट झेलणारा. शेतातले पंप सुरू झाले की आमचं व्होल्टेज कुठं जाईल सांगता येत नाही. प्लग तीन पिनांचा. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) खुणेखालचा नोंदणीचा 'आर' नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून कंपनीचं नाव जुळवलं. ल्यूमेनच्या आकड्यांकडे लक्ष दिलं नाही, ते माणसाच्या डोळ्यांचं माप. झाडाच्या कामाचा उजेड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला. तो पानापर्यंत किती पोचतो हे पीपीएफडी नावाचा आकडा सांगतो. किती अंतरावर किती, हे लिहिलेलाच दिवा घेतला.

रंग पांढराच हवा होता. जांभळ्याखाली रोपं वाढतात, पण पान पिवळं पडलंय की पानं आकसणारा चुरडा-मुरडा रोग आलाय, काही कळत नाही. मिरचीवाल्याला ते परवडत नाही.

आता दिवा रोपांपासून फूटभर वर टांगलाय, रोज चौदा तास, अर्ध्या युनिटाच्या थोडं वर. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवलाय, पाणी ओघळलं तरी प्लगात शिरत नाही. घराच्या अर्थिंगचा मात्र पत्ताच नव्हता. खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून प्लेट पुरली, बोर्डात ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी कळ, बसवली. त्याला दिव्यापेक्षा जास्त पैसे लागले.