पडायला दोन सेकंद लागतातच

छत्रपती संभाजीनगरातल्या एका मंगल कार्यालयात सकाळी 9 वाजता आमच्या नृत्याची तालीम लागली. पैठणकडचे भारूड गाणारे बुवा त्या दिवशी पहिल्यांदा नर्तकीशेजारी उभे राहिले. भूमिका एकच, आवाज बुवांचा, देह तिचा. ही रीत जुनी आहे. संगीतकार ग्लुकच्या ऑर्फियसवरच्या ऑपेराला जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांनी 1975 मध्ये जर्मनीतल्या वुप्पर्टालला नृत्यरूप दिलं, तेव्हा तिन्ही मुख्य भूमिकांत एकेक गायक आणि एकेक नर्तक होता. पॅरिस ऑपेराचे नर्तकही पुढे ते करू लागले.

तीन आठवडे आम्ही रेकॉर्डिंगवर काम केलं होतं, मिनिटाला 90 मात्रा. बुवांनी लय तीच धरली, पण चौथ्या कडव्याला टाळ तापले आणि ती 110 वर गेली. तिथे नर्तकीला उभ्यानं पडून तीन मात्रांत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुशीला पोचायचं होतं. ती समेवर पोचली, पण गुडघ्यावर. खाली शहाबादी फरशी, वर जेमतेम 2 मिलिमीटर विनाइलचं अंथरूण.

बर्फ लावला. पाय नीट वाकत होता, तरी दिवसभर तिला पडू दिलं नाही, जागा नुसत्या खुणेनं घेतल्या.

चूक तिची नव्हती. 90 च्या लयीत तीन मात्रा म्हणजे 2 सेकंद, 110 ला 1.64. पावलं लवकर टाकता येतात, हात लवकर फिरतो. पडण्याला ती सवलत नाही. नडगीची बाहेरची बाजू, मांडी, कुल्ला, बरगड्या, हात, अशा क्रमानं वजन जमिनीला द्यावं लागतं. घाईत मधलं काही गळलं की सगळा भार एका हाडावर येतो.

बुवांना लय बांधून ठेवायला सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ताई, लय बांधली की भारूड खाली बसतंय." खरंच होतं ते.

ऑपेरात नर्तकाला लय दाखवणारा वाद्यवृंदाचा संचालक दिसतो, विंगेतल्या पडद्यावर का होईना. इथे ते काम पखवाजानं केलं. धृपदाआधी, म्हणजे पालुपदाआधी, 4 मात्रांची तिहाई ठरवली, एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणारी. ती सुरू झाली की पडणं सुरू. 110 ला 2.18 सेकंद मिळतात, 120 ला बरोबर 2. लय त्याच्याही वर गेली तर तिनं पडायचं नाही, उकिडवं बसायचं.